पिवळी चाई

"हा आपला हात नाय," बा म्हणाला आणि उकिडवा बसून त्यानं भुसभुशीत मातीत दोन बोटं खुपसली.

मी पाटी कमरेला लावून त्याच्या मागं उभी होते. माघातलं कोवळं ऊन नुकतं कुठं उतारावर पोचलं होतं. पळसाला कळ्या धरल्या होत्या आणि कारवीच्या झुडपांतून दव अजून ठिबकत होतं.

"म्हंजे?" मी विचारलं.

"म्हंजे कुनीतरी खनलंय. आन् नीट बुजवलंय बी."

त्यानं माती बाजूला सारली. वर पळसाचं एक पान आडवं घातलेलं होतं. पान उचललं तर खाली मुठीएवढं, केसाळ मुळ्यांचं, राखेनं माखलेलं डोकं.

"बघ," बा म्हणाला. "डोकं हाय, कांद गेला."

चाई म्हणजे आमच्या डोंगरात झाडांवर चढणारी एक वेल. पावसाळ्यात तिच्या मोहोराची भाजी करतात. दिवाळीनंतर पानं झडली की तिच्या बुडाशी जमिनीत खोल गेलेला कांद पहारीनं खणून काढतात. उकडला की मऊ, पिठूळ लागतो. पण आम्हा ठाकरांची रीत अशी, की कांद काढला तरी त्याचं डोकं, म्हणजे जिथून वेल फुटते तो वरचा तुकडा, घरी न्यायचा नाही. कापलेल्या बाजूला चुलीतली राख फासायची, डोकं परत त्याच खड्ड्यात ठेवायचं, वर पळसाचं पान, मग माती, आणि टाचेनं दाबायचं. पावसाळ्यात तिथून पुन्हा वेल येते. ही रीत न पाळणाऱ्या माणसाला आमच्या वाडीत कुणी पाटीला हात लावू दिला नसता.

"बाहेरचा चोर असता तर उपटून घेऊन गेला असता," बा म्हणाला. "डोकं पुरलंय, राख लावलीय, पान घातलंय. हा आपल्यातलाच हाय."

"आपल्यातला कोन?"

 बानं ओढ्याच्या पलीकडं पाहिलं. ओढ्याच्या अलीकडचा उतार आमच्या घराच्या वाट्याचा आणि पलीकडचा वाळकूमामाच्या. कुणी कागद केले नव्हते, पण पिढ्यान् पिढ्या तसंच चालत आलं होतं.  वाळकूमामाच्याच पोराशी, राघूशी माझं लग्न ठरलं होतं, आणि मंगळवारी मामा तारीख धरायला येणार होता.

"येईल ना मंगळवारी वाळकू?" बा पहार खांद्यावर टाकत म्हणाला. "चार मानसांत इचारतो त्याला. ज्याच्या चुलीवर आपला कांद चोरून शिजतो, त्याच्या घरात मी पोर द्यायचा नाय."

आम्ही कांद काढायला गेलो होतो तेही लग्नासाठीच. आमच्या वाडीत लग्नाआधी मुलीकडून नवऱ्याच्या घरी कांदांची एक पाटी जाते. तीच भरायला निघालो होतो, आणि पाटी रिकामीच घेऊन परत आलो. त्या दिवशी बानं स्वतः खुणेच्या गाठी मारलेल्या वेलीही खणल्या नाहीत. त्याचं मनच उडालं.

माझ्या बाचं नाव चांगू. माणूस फणसासारखा, पण त्यातला काटेरी भाग बराच जाड होता. एकदा मुरबाडच्या बाजाराला जाताना एका कंडक्टरनं त्याच्या पाटीचं वेगळं तिकीट मागितलं. बा खाली उतरला तो उतरलाच. त्यानंतर मरेपर्यंत तो एसटीत चढला नाही. बाजाराला पायी जायचा आणि बस शेजारून गेली की तिच्याकडं पाठ करून उभा राहायचा. अशा माणसानं 'पोर देणार नाय' म्हटल्यावर ते बोलणं सहज म्हणून सोडून देता येण्यासारखं नव्हतं.

रडायला आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण माझा स्वभाव असा, की रडण्याच्या आधी मला विचारायचं असतं. झाकलेलं दिसलं की उघडून बघायचं, ही माझी लहानपणापासूनची खोड. आई म्हणायची, ही पोरगी शिजत्या भाताला जीव घेऊ देत नाही. शिवाय माझी दहावी झालेली होती, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा एक भ्रमही होता.

दुपारी हातपंपावर राघू भेटला. ठरवून भेटला असं म्हणायला हरकत नाही. मी हंडा लावला, तो दांडा मारायला लागला.

"एक इचारू? खरं सांगशील?"

"खोटं बोलाय अजून लगीन कुटं झालंय?" तो हसला.

"तुमच्या घरी एवढ्यात चाई शिजली का?"

त्यानं दांडा सोडला. "चाई? आमच्या घरी? अगं, रेशनचा तांदूळ हाय, बाजारातला बटाटा हाय. कांद खनाय जायचं, हातभर खड्डा करायचा, मंग धुवायचा, सोलायचा, उकडायचा. आता कोन करतंय? तुझा बा सोडून वाडीत एक बी मानूस पहार घेऊन जात नाय."

"आन् वाळकूमामा?"

"त्याचं गुडघं बघितलंस का? चुलीपासून अंगनात येताना तीन येळा बसतो."

मी विचारात पडले. राघू खोटं बोलत नव्हता, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. शिवाय त्याचं म्हणणं खरंच होतं. जी वस्तू आता कुणी खातच नाही, ती चोरायला कोण येईल?

"आमच्या पठारावर ये," राघू पुढं म्हणाला. तो तेव्हा डोंगरापलीकडच्या पठारावर बंगल्यांच्या कामाला जायचा. "जेसीबी फिरला की कांद असे वर येत्यात, दगडासारखे पडून राहत्यात. परवा मालकानं एक उचलला, फोटो काढला आन् टाकून दिला. इचारतो मला, हे कसलं लाकूड?"

त्याला हसू आलं. मलाही आलं असतं, पण मंगळवार डोळ्यांसमोर होता.

दुसऱ्या दिवशी लाकडं आणायच्या निमित्तानं मी एकटीच उतारावर गेले. आधी बाच्या गाठी शोधल्या. भादव्यात वेल हिरवी असताना बा तिच्या बुडाशी सालीची गाठ मारून ठेवायचा, नाहीतर वाळल्यावर वेल कुठं होती ते सापडत नाही. सगळ्या गाठी जागच्या जागी होत्या. एकाही गाठीखालची माती हललेली नव्हती. म्हणजे हा कसला चोर? बांधून ठेवलेलं सोडून सुटं शोधत बसणारा?

मग मी फिरत राहिले. बुजवलेले खड्डे एकदा ओळखू यायला लागले की दिसतच जातात. एक पळसाखाली होता, एक मोठ्या धोंड्याच्या कडेला, दोन-तीन ओढ्याच्या वरच्या अंगाला. धोंड्याजवळचा खड्डा मी हातानं उकरला. तसंच पान, तसंच राख लावलेलं डोकं. पण आजूबाजूला वाळलेली वेल कुठंच नव्हती. झाडावर चढलेला वेलीचा दोराही नव्हता, तुटलेला तुकडाही नव्हता. वेल नव्हती, तर खाली कांद कुठून आला होता?

मी डोकं हातात घेऊन उलटं केलं. मुळ्यांच्या केसांत माती अडकलेली होती, तांबडी. आमच्या उताराची माती काळी, मुरमाड. मी जिथं बसले होते तिथं पायाखाली चिमूटभरसुद्धा तांबडी माती नव्हती.

खोड गप्प बसू देईना. मी नखानं राख खरवडली. आतला गर पिवळा निघाला, हळद कालवल्यासारखा. चाईचा गर मी जन्मात पांढराच पाहिला होता. डोकं मी परत ठेवलं, पान घातलं, टाचेनं दाबलं आणि लाकडं न घेताच घरी पळाले.

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. बा बाहेर गेला होता.

"आये, चाई पिवळी असती का गं?"

आईचा हात सुपातच थांबला.

"कुटं बघितलीस?"

मी सगळं सांगितलं. पिवळा गर, तांबडी माती, वेल नसलेले खड्डे. आई बराच वेळ सूप हलवत राहिली, पण खडा एकही वेचला नाही. मग उठून तिनं अंगणात डोकावून पाहिलं आणि परत येऊन हळू आवाजात बोलली.

"पिवळी चाई तुझ्या आजीनं लावलेली, आपल्याच उतारावर. लग्नाच्या पाटीत तीच जायची. मंग एका साली पावसात दरड आली, सगळी गेली. तुझा बा अजून हळहळतो."

"मंग आता आली कुटनं?"

"तांबडी माती पठारावर असती."

"पठारावर आपलं कोन हाय?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. सांगावं की न सांगावं हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. "तुझी आत्या," ती म्हणाली.

मला आत्या आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिचं नाव सोमी, बाची धाकटी बहीण. तिनं पठारावरच्या भिवा नावाच्या कातकऱ्याशी आपल्या मनानं लग्न केलं. ठाकराच्या पोरीनं कातकऱ्याच्या घरी जायचं, हे तेव्हा वाडीला सहन होण्यासारखं नव्हतं, आणि बाला तर मुळीच नव्हतं. ती भेटायला आली तेव्हा बा दारात उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाय. ती तिथूनच वळली. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. बा नव्हताच घेत, आणि बाच्या भीतीनं बाकीचेही घेत नव्हते.

"भिवा दोन पावसाळ्यांमागं वारला म्हनत्यात," आई म्हणाली. "तू ह्यातलं बापापाशी बोलू नको. नाव काढलंस तर लगीन राहिलं बाजूला, घरात चूल पेटायची नाय."

माझी मोठी पंचाईत झाली. बोलावं तर बा उसळणार. न बोलावं तर मंगळवारी वाळकूमामाच्या तोंडावर चोरीचा आळ येणार आणि लग्न मोडणार. आणि एवढं होऊनही मला एक गोष्ट कळलीच नव्हती. पठारावरची बाई आमच्या डोंगरावर येऊन नेमकं करते तरी काय?

सोमवारी सकाळी उजाडताच मी उतारावर जाऊन धोंड्याआड बसले. थंडीनं दात वाजत होते. सूर्य कड्यावर आला तेव्हा वरच्या पायवाटेनं एक बाई उतरताना दिसली. काटक होती, डोक्यावर टोपली, हातात खणायची काठी. ती सरळ पळसापाशी आली. टोपली उतरवली, खड्डा खणला, टोपलीतून एक डोकं काढून त्यात ठेवलं. पान, माती. मग उभी राहून तिनं टाचेनं दोनदा दाबलं आणि टाच तिथंच अर्धी फिरवली.

 टाच अशी फिरवणारा मी एकच माणूस पाहिला होता, माझा बा.

ती काही काढत नव्हती. ती लावत होती.

बाची चूक मला तेव्हा उमगली. आमच्या रीतीनं कांद काढून बुजवलेला खड्डा आणि डोकं आणून नवं लावलेला खड्डा, दोन्ही सारखेच दिसतात. वर पान, खाली डोकं. बानं डोकं पाहिलं आणि कांद गेला असं धरून चालला. कांद तिथं कधी नव्हताच. दुसऱ्या कुणी माणसानं पाहिलं असतं तर त्याला चोरीचा संशय आलाच नसता. तो आम्हालाच यायचा.

मी उभी राहिले. ती दचकली नाही. डोळ्यांवर हात धरून तिनं मला नीट न्याहाळलं.

"चांगूची का गं तू?"

"व्हय. तुमी सोमीआत्या?"

"नाव सांगितलं म्हनायचं कुनीतरी," ती म्हणाली आणि तिच्या ओठांवर हसू आलं. वरच्या दातांत एक फट होती, अगदी बासारखी.

मी टोपलीत पाहिलं. तांबड्या मातीची डोकी, राख लावून नीट रचलेली. "हे सगळं हितं कशाला आनताय?"

"पठार विकलं ना बाये. जेसीबी फिरतोय. वेली गेल्या, कांद वर आले. ती मानसं आता तिथं गवत लावत्यात. गवत! नळी धरून पानी घालत्यात त्याला." तिला याचं खरंच नवल वाटत होतं. "कांद मी खाल्ले, इकले बी. बंगल्यावरची एक बाई तर चिप्स करून दे म्हनाली. पन डोकी टाकवत नाहीत. ही पिवळी माझ्या आईची. मी गेले तवा वरच्या वाटेला येऊन तिनं पदरात एक डोकं बांधून दिलं हुतं. दादाला ठाव नाय ते."

"आजीनं?"

"तर काय. दादानं दार लावलं, आईनं डोकं दिलं. पठारावर एकाची रांग झाली. आता तिथं जागा नाय, म्हनून जिथनं नेली तिथं आनून ठेवतीय."

"पन बानं तर तुमाला..."

"उंबऱ्याला पाय लावू नको बोलला," ती मला मधेच तोडत म्हणाली. "डोंगराचं काय बोलला नाय."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. मग मी तिला माझी अडचण सांगितली. उद्याचा मंगळवार, वाळकूमामा, लग्न. ती खाली बसली.

"माझ्या पायी तुझं लगीन मोडाय नको," ती म्हणाली. "तू सांग बापाला. उपटून टाकंल सगळं, टाकू दे. पन आज नको. आज ही टोपली लावून होऊ दे. उद्या सांग."

"उद्या कशाला?" मागून आवाज आला.

ओढ्याच्या काठावर बा उभा होता, खांद्यावर पहार घेऊन. तोही चोर धरायला आला होता. किती वेळ उभा होता आणि काय काय ऐकलं होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं नाही असं नाही, पण त्यानं सांगितलं नाही.

आत्या उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. दोघं एकमेकांकडं पाहत नव्हते. बा जवळ आला, पळसाखाली बसला, माती उकरून त्यानं डोकं बाहेर काढलं. मी डोळे मिटून घेतले. आता फेकणार, असंच वाटलं. पण काही आवाज आला नाही, म्हणून उघडले. बा नखानं राख खरवडत होता. पिवळा गर दिसला. त्यानं तो नाकाला लावला आणि तसाच बसून राहिला.

"अंबे," तो म्हणाला. अंबी हे माझं नाव. "तिला इचार, राख कसली लावली?"

मी आत्याकडं वळले. ती माझ्यापासून दोन हातांवर होती, आणि बा तिच्यापासून तेवढाच. "आत्या, बा इचारतोय, राख कसली?"

"सांग त्याला, ऐनाची."

"तिला सांग, ऐनाची राख जहाल असती. पळसाची लावायची."

"त्याला सांग, पठारावर पळस तोडले."

बानं मान हलवली. डोकं परत खड्ड्यात ठेवलं, पण जागा बघून पुन्हा उचललं. "तिला सांग, हितं सावली जास्त हाय. वेल चढंल, पन कांद धरनार नाय."

"त्याला सांग, आईनं हितंच लावली हुती."

"तवा पळस एवढा हुता," बा हात कमरेपर्यंत आणून मला म्हणाला. "तिला इचार, तिला काय ठाव नाय का?"

"त्याला सांग, मला सगळं ठाव हाय. मला हे बी ठाव हाय का तो झाडावर चढला आन् मधमाशा लागल्या, तवा मीच बोंबलत घरी गेल्ते."

बाच्या मिशीखाली काहीतरी हललं. मी दोघांच्या मधे उभी राहून निरोप्याचं काम करत होते. तिसऱ्या माणसानं पाहिलं असतं तर हसून लोळला असता. पण मला हसायचं धाडस होत नव्हतं. मधेच थांबले तर त्यांचं बोलणंही थांबेल, एवढीच भीती वाटत होती.

बानं पहार उचलली आणि उन्हाच्या बाजूला खणायला लागला. आत्या टोपलीतून एकेक डोकं काढून माझ्या हातात देई, मी बाच्या हातात देई. टोपली रिकामी झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटच्या खड्ड्यावर बानं टाच दाबली आणि अर्धी फिरवली. आत्या ते बघत होती.

"अंबे," बा पाठमोराच म्हणाला. "तिला सांग, मी बोललो ते बोललो. चांगू आपला शबूद फिरवत नाय. उंबऱ्याला पाय लावायचा नाय."

आत्यानं टोपली उचलली. "त्याला सांग, मी कुटं मागितलंय."

"आन् हे बी सांग," बा पुढं म्हणाला, अजून पाठमोराच. "लगनाचा मांडव अंगनात असतो."

मंगळवारी वाळकूमामा आला, चहा प्यायला, फाल्गुनातली तारीख धरून गेला. आपल्यावर कसला आळ येता येता राहिला, हे त्याला कधीच कळलं नाही. उलट जाताना म्हणाला, चांगू एवढा गोड बोलताना मी पहिल्यांदा बघितला.

आता त्या उतारावर पिवळी चाई माजलीय. माझे केस पिकले, तरी मी दर माघात पहार घेऊन जाते. अलीकडे रानभाज्यांचा महोत्सव भरतो तेव्हा शहरातली माणसं मुद्दाम तिचे उकडलेले कांद खायला येतात. विचारतात, ही जात इथलीच का? मी म्हणते, इथलीच, मधे काही वर्षं बाहेरगावी होती. ते हसतात. पुढचं मी सांगत नाही, कारण ते कांदांविषयी नसतं.

ते हळदीच्या दिवशीचं आहे. आत्या सकाळीच आली होती. हिरवं लुगडं नेसली होती, नवं नव्हतं, पण घडीचं होतं. वाडीतल्या बायका आधी जरा आकसून बसल्या, मग तिनं हळदीचं गाणं उचललं तशा एकेक करून सरकत जवळ आल्या. मला पहिली हळद तिनं लावली. तिचे हात खरखरीत होते आणि ती मला चोळत होती त्यापेक्षा गोंजारतच जास्त होती. सगळा वेळ ती अंगणातच होती. पाणी हवं झालं तरी बाहेर मागायची.

हळद झाली की आत्यानं नवरीचा हात धरून तिला घरात देवापुढं न्यायचं असतं. माझा हात धरून ती दारापर्यंत आली आणि थांबली. तिच्या पायांपुढं उंबरा होता. गाणं बंद पडलं. सगळ्या बायका आधी तिच्याकडं, मग बाच्याकडं बघायला लागल्या. 

"तू जा बाये," ती मला म्हणाली. "मी हितं हाय."

मी हात सोडला नाही. लग्न माझं होतं, आणि तिला बाहेर ठेवून मला त्या घरात जायचं नव्हतं.

बा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो गोठ्याकडं गेला आणि पहार घेऊन आला. बायका बाजूला झाल्या. त्यानं पहारीचं टोक उंबऱ्याखाली घातलं आणि जोर लावला. लाकूड कुरकुरलं.

"दादा, असू दे," आत्या म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी थेट बोलली, तो हा पहिला शब्द.

"तू गप," बा म्हणाला. "वाळवी लागलीय ह्याला. काढायचाच हुता."

वाळकूमामा गुडघे धरत पुढं आला आणि वाकून बघू लागला. "सागाला वाळवी? चांगू, सागाला कुटं वाळवी लागती?"

"लागती," बा म्हणाला आणि उंबरा उखडून अंगणात टाकला.